यादीत न दिसणारं नाव

आवकताईंनी शेतीच्या अनुदानाच्या यादीवरून दुसऱ्यांदा बोट फिरवलं. भावाचं नाव नव्हतं.

दरवर्षी ही यादी कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागायची. कोणाला, किती जमिनीपोटी, किती रक्कम मिळाली, सगळं उघड. लोक येत ते शेजाऱ्याला किती मिळाले ते बघायला आणि मनातल्या मनात जळायला. ताई मात्र यादी चिकटवण्याआधी एकच ओळ वाचायच्या. भाऊ आहे, शेत कसतोय, एवढं कळलं की त्यांचं वर्ष निघायचं. एकोणीस वर्षं दोघांत अबोला होता. वडिलांमागे ताईंनी आपला वाटा मागून घेतला आणि परक्याला विकला. वाटा हक्काचा होता, पण विकण्याआधी भावाला विचारायला हवं होतं, हे त्यांना फार उशिरा पटलं. "तू मला मेलीस," एवढंच तो म्हणाला होता, आणि माणूस शब्दाचा पक्का.

येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारून त्याची नोंद करायची हे त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना आवकताई म्हणत. घरी मात्र दारावरची घंटा वाजलीच, तर माणूस पत्ता चुकलेला असे.

ताई साहेबांकडे गेल्या आणि एक नाव गळलंय, असं कामाचं बोलावं तसं बोलल्या. साहेब चष्मा पुसत म्हणाले, यंदापासून छोट्या रकमांची नावं छापायची नाहीत, गरिबाची अब्रू चव्हाट्यावर कशाला? त्याची जमीन कमी झाली असेल. नाहीतर माणूसच गेला असेल.

"मग कळायचं कसं?"

"अर्ज करायचा. पण आपण आधी त्याला कळवतो, अमुक बाई तुमची माहिती मागतेय म्हणून. तो नको म्हणाला की विषय संपला. कोण आहे तुमचं?"

"भाऊ."

चष्मा पुसणारा हात थांबला. "सख्खा? मग अर्ज कशाला, ताई? उठून जा की."

जाऊन दारात उभं राहायचं आणि तो गेल्याचं शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकायचं, एवढी ताईंची छाती नव्हती. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अर्ज लिहायला घेतला. 'लाभार्थ्याशी नाते' या रकान्यापाशी पेन बराच वेळ अडलं. शेवटी 'धाकटी बहीण' असं लिहून टाकलं, स्वतःच शिक्का मारला आणि नोंद केली. त्यानंतर रोज टपाल आलं की त्या आधी पाकिटांवरची नावं चाळायच्या.

अठराव्या दिवशी पाकीट आलं. आत त्यांच्याच कार्यालयाचा छापील कागद होता. 'माहिती देण्यास माझी हरकत आहे' या ओळीसमोर खूण, इतकी दाबून केलेली की कागद फाटला होता. खाली सही. अक्षर म्हातारं झालं होतं, पण शेवटी वडिलांसारखाच लांब फराटा ओढलेला. तारीख मागच्या मंगळवारची.

साहेब टेबलापाशी येऊन उभे राहिले. कागदावर नजर टाकून त्यांनी वाईट वाटून घेऊ नका म्हणून सांगितलं.

"नकारच आहे," ताई म्हणाल्या. "पण त्याच्या हातचा आहे."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कार्यालयात, सगळ्यांसमोर रडू आलं.