एक वीत, चार बोटं

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला टेप लागत असे तो फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. खांद्यावर वीत टाकली की माप तिच्या बोटांत उतरायचं आणि मग वर्षानुवर्षं तिथेच राहायचं. या एकाच गोष्टीची तिला घमेंड होती. बाकी सगळीकडे बिचारी दबूनच वागे.

घर बदलून दोन महिने झाले होते आणि तिच्या आठ वर्षांच्या पिटुकलीला नव्या शाळेत एकही मैत्रीण मिळाली नव्हती. मुलगी डबा एकटीच खाते, हे वर्गाच्या बाईंनी सांगितल्यापासून आईच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी तिनेच वर्गातल्या पाच मुलींना शनिवारी रात्री राहायला बोलावलं आणि सगळ्यांसाठी एकाच ठिपक्यांच्या कापडातून रात्रीचे सहा पोशाख शिवले. पिटुकलीचा उजवा खांदा जन्मापासून जरासा उतरता होता. तिच्या सदऱ्याचा तो खांदा आईने नेहमीप्रमाणे अर्धं बोट खाली कापला. दुसऱ्या कुणाच्या हे कधी लक्षातही आलं नसतं.

संध्याकाळी मुली आल्या. पोशाख चढवताना तिने प्रत्येकीच्या खांद्यांवरून हात फिरवून घेतला. पाचजणींनी घर डोक्यावर घेतलं आणि पिटुकली मात्र स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी सोफ्याच्या कडेला बसून राहिली. आईचा जीव टांगणीला लागला. काहीतरी करायला हवं म्हणून तिने फुशारकी मारली, की डोळे बांधून, नुसत्या खांद्यांवरून ती सगळ्यांना ओळखून दाखवेल. मुलींनी लगेच मशीनवरचं फडकं आणून तिच्या डोळ्यांवर करकचून बांधलं.

पहिली बडबडी, दुसरी चष्मेवाली, तिसरी उंचाडी. पाचही बरोबर आल्या आणि मुली टाळ्या पिटत राहिल्या. मग सहावी पुढे आली. एक वीत, चार बोटं, उजवा खांदा उतरता. शिवाय आईची करंगळी मुठीत धरायची तिची सवय कुठे लपणार?

"आणि ही माझी," ती म्हणाली.

कुणी टाळी वाजवली नाही. तिने फडकं वर सरकवलं. पाचजणी भिंतीपाशी ओळीने उभ्या होत्या. पिटुकली स्वयंपाकघराच्या दारात होती, हातात पाण्याचा पेला घेऊन.

"मी अजून आलेच नव्हते," पिटुकली म्हणाली. "तू कुणाला धरलंस?"

काकू हवेतच मापं घेत होत्या, असं बडबडीने सांगितलं आणि हसण्याचा एकच गदारोळ झाला. सगळ्यात मोठ्याने पिटुकली हसली. त्यानंतर तर ती अशी खुलली, की पाचहीजणी तिच्याच मागे मागे फिरू लागल्या. आईच्या करंगळीला मुठीची ऊब अजून जाणवत होती. पण हवं होतं तेच समोर घडत होतं, म्हणून तिने हात पदराला पुसला आणि ताटं मांडायला घेतली. तिथेच तिचं चुकलं.

सकाळी आया येऊन आपापल्या मुलींना घेऊन गेल्या. निघताना प्रत्येकीने पिटुकलीला मिठी मारली. ती खिडकीशी उभी राहून हात हलवत होती, अंगावर स्वच्छ ऊन पडलं होतं, आणि सदऱ्याचं कापड उजव्या खांद्यावर ताणलं गेलं होतं.

आईने जवळ जाऊन हात ठेवला. दोन्ही खांदे एका रेषेत. तिने वीत टाकली. पुन्हा टाकली. मुलगी मात्र समजूतदार गिऱ्हाइकासारखी स्तब्ध उभी होती.

"चुकतंय का माप?" तिने विचारलं. "डोळे बांधून बघ ना, आई. काल बरोबर आलं होतं."

फडकं खुर्चीच्या पाठीवरच होतं. आईने ते डोळ्यांवर बांधलं. तिने अंधारात दोन्ही हात पुढे केले आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने हातांखाली खांदे आले. एक वीत, चार बोटं. उजवा उतरता. गार पडलेल्या एका मुठीने तिची करंगळी घट्ट धरली.

"जमलं ना?" खिडकीपाशी असलेली मुलगी म्हणाली. "मग सोड ते आता. मला भूक लागलीय."

आईने मोकळा हात डोक्यामागे नेला, गाठ चाचपली आणि फडक्याचं एक टोक खांद्यावरून पुढे घेऊन दातांत धरलं, दुसरं ओढून ती आणखी आवळली.