पाळराख्याचा दगड

मित्रांनो, माझं तोंड भिंतीत आहे आणि पाठ तुमच्याकडे. असा पाठमोरा बोलतो, म्हणून राग मानू नका. मी तलावाच्या पाळीवरचा एक जुना दगड. चांद्याहून मूलकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावात, कोठाराच्या भिंतीत मी चिणलेला आहे.

फार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आमच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, खचू लागली. लटारू नावाच्या ढिवराने, म्हणजे मासे धरणाऱ्याने, आपला डोंगा, लाकडी होडी, त्या खिंडारात आडवा घातला आणि गाव धावून येईपर्यंत तो पाण्यात उभा राहून माती लोटत राहिला. पाळ वाचली, लटारू गेला. मग गावाने डोंगरातून मला काढलं, पाथरवटाकडून माझ्यावर अक्षरं कोरून घेतली, 'लटारू. याने पाळ राखली', आणि पाळीवर उभं केलं. लटारूच्या मुलांना लोक पाळराखे म्हणू लागले. तेच त्यांचं आडनाव झालं.

ते माझे सुखाचे दिवस. ढिवर जाळं टाकण्याआधी मला हात लावत. नव्या नवऱ्या माझ्यापुढे वाकत.

पुढे मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, कोठार बांधायला निघालं. त्याच्यापुढे कोणाचं चालत नसे. पाळीवरचा चांगला दगड म्हणून मला गाडीत घातलं. कोरलेल्या बाजूला चुना घट्ट धरतो, म्हणून गवंड्याने माझं तोंड आत केलं. अक्षरांत चुना गेला आणि अंधार झाला. आपल्या अंगावर लिहिलेलं आहे आणि ते कोणालाच वाचता येत नाही, याहून वाईट कोंडी दगडाला दुसरी नाही. ज्यांनी मला पाहिलं होतं ती माणसं एकेक करून गेली. नव्यांना मी साधी भिंत वाटू लागलो.

मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला. मासेमारीसाठी ढिवरांनी सोसायटी काढायचं ठरवलं. बैठका कोठाराच्या ओसरीवर होत, म्हणून मला सगळं ऐकू येई. गावच्या जुन्या घराण्यांनाच हिस्सा मिळणार होता. गिरजा पारखे नावाची विधवा आपला हिस्सा मागायला आली. घरात ती आणि तिची म्हातारी सासू भागीरथा. तलाव बंद झाला, तर चूल बंद.

पुढारी गोविंदा वाईट माणूस नव्हता, पण मासे थोडे आणि तोंडं फार. तो म्हणाला, "गिरजाबाई, पारखे आडनाव आपल्या ढिवरात कोनाचंच नाई. पारखे म्हंजे नाणी पारखनारे. तुमचे लोक दुष्काळात बाहेरून आले असन."

माझ्या पोटाशी उत्तर होतं. पण दगडाला ओरडता येत नाही.

गिरजा गप्प बसली नाही. सासूकडून तिने घराण्यातली जुनी नावं विचारून घेतली, त्यातलं सगळ्यात जुनं लटारू. चांद्याला जाऊन जमिनीच्या बंदोबस्ताचे, म्हणजे सारा ठरवतानाचे, जुने कागद कारकुनाकडून वाचून घेतले. त्यात 'लटारूचा मुलगा, पाळराखा' असं निघालं, पण गावाच्या नावाची जागा वाळवीने खाल्लेली. गोविंदा म्हणाला, लटारू तर गावोगाव असतात.

त्या दिवशी बैठक उठल्यावर गिरजा भिंतीला टेकून बसून राहिली. तिच्या खांद्याची ऊब मला लागली. तिच्यात आणि लटारूच्या नावात फक्त माझी जाडी होती. तेवढीच. आणि मला वळता येत नव्हतं.

पुढच्या बैठकीला तिने भागीरथेला हाताला धरून आणलं. म्हातारी दम खात म्हणाली, "आमच्या बोलीत पाळीले पार म्हंतेत. आमी पारराखे. शाळेतल्या गुर्जीले वाटलं, एक 'रा' जास्तीचा झाला. त्यानं तो खोडला, अन् आमी पारखे झालो."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग भागीरथेने लग्नातलं एक गाणं हळूच धरलं. घरातल्या मेलेल्या माणसांना लग्नाचं आवतण देताना बायका म्हणतात ते. तिचा श्वास तुटला. पुढची ओळ पायरीवर बसलेल्या दुसऱ्या म्हातारीने उचलली. ती गोविंदाची आई धुरपता.

"पयला नेवता पारराख्या लटारूले..."

 ती ओळ प्रत्येकाच्या घरच्या लग्नात म्हटलेली होती. हा लटारू कोण, ते कोणी विचारलं नव्हतं.

"माय, हे तं आपल्या घरचं गानं हाय," गोविंदा म्हणाला.

"आपल्या एकट्याचं नाई. त्यानं गाव राखलं, म्हनून सारं गाव त्याले बोलावते."

 गोविंदाने गिरजेचा हिस्सा मंजूर केला आणि नाव लिहायला लावलं, गिरजा पाळराखे.

पाळीवर पूर्वी एक दगड होता, असं आपल्या सासूकडून ऐकल्याचं भागीरथेने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळे शोधायला गेले. झुडपं तोडली, माती उकरली. दमून परत आले आणि सावलीला बसले, माझ्याच पाठीला पाठ लावून.

पुढच्या उन्हाळ्यात भागीरथा गेली. लग्नसराईत गाण्याचा आवाज इथपर्यंत येतो. आता लटारूचं नाव आलं की बायका पोरांना थांबवून तो कोण ते सांगतात. मी अजून आतच आहे. चुना पक्का आहे.

मित्रांनो, मला बाहेर काढा असं मी म्हणत नाही. भिंत पडेल तेव्हा पडेल. पण तुमचं आडनाव कुठून आलं, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं अजून बाहेर ऊन खात बसली आहेत. त्यांना बोलता येतं. ती आहेत तोवर त्यांना विचारा.