सुया बदलणारी बाई

कच्चा टाका

तिला सगळे टाचणीबाई म्हणत. ओठांत टाचण्यांची रांग धरून ती गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट बेतायची, आणि त्याच ओठांतून त्याच्या सुटलेल्या पोटावर शेराही मारायची. टाचणी कधी पडली नाही, शेरा कधी अडला नाही.

आता ओठांत टाचणी धरवत नव्हती. तोंड आलं होतं. जिभेखाली, गालाच्या आत, घशाशी. बरं व्हायचं आणि पुन्हा यायचं. पाण्याचा घोट घ्यायचा तरी ती आधी खुर्चीचा हात घट्ट धरायची.

उसवण

शेजारीण म्हणाली, टाचण्यांमुळे. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, पोट साफ नाही. दाताच्या डॉक्टरांनी एका दाताची कड घासून दिली. दात बिचारा गुळगुळीत झाला, फोड होते तिथेच. चौथ्यांनी तर मान वर न करताच सांगितलं, "तुम्ही फार मनाला लावून घेता."

"लावते ना," दुकानात परतल्यावर ती नणंदेला म्हणाली. "अस्तर लावते, बटणं लावते. मनाला लावायला वेळ कुठाय?"

नणंद दुकानात काज-बटणं करायची आणि उलट उत्तरं द्यायची. दोन्हीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"वहिनी, बोलताना दुखतं ना? मग निदान टोमणे तरी उद्यावर टाका."

बाही

एक गोष्ट मात्र तिने नणंदेलाही सांगितली नव्हती.

काम करताना सुई डाव्या बाहीला खोचून ठेवायची तिची जुनी सवय. हल्ली ती सुई कापडातून हाताला टोचायची, आणि टोचलेल्या जागी दुसऱ्या दिवशी लाल गाठ, टोकाला पू. हात कोपरापर्यंत असा ठिपक्याठिपक्यांचा झाला होता. पण हे सांगणार कुणाला? मुरलेल्या शिंपिणीला स्वतःची सुई टोचते, म्हणजे पट्टीचा पोहणारा बादलीत बुडाला. तिने ठरवून टाकलं, सुयाच खराब. पाकिटंच्या पाकिटं फेकली, सुईवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि ऐन उकाड्यात लांब बाह्या घालू लागली. प्रत्येक डॉक्टरसमोर तोंड उघडलं, बाही कधी नाही.

डोळा

मग उजवा डोळा लाल झाला. उजेड सोसेना. दोरा सुईच्या नाकाशी जाऊन शेजारून निघून जायचा.

"तोंड मिटून शिवता येतं गं," ती म्हणाली. "डोळा मिटून?"

नणंदेने हातातलं बटण खाली ठेवलं. तिने दुकानाला कुलूप लावलं.

डोळ्याच्या डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. "आत सूज आहे. हे साधं डोळे येणं नाही." मग अचानक विचारलं, "तोंडात फोड येतात का?"

ती दचकली. पँटचं माप घेताना कुणी टोपीचा नंबर विचारावा तसंच झालं. तिने होय म्हटलं. त्यांनी थेंब सुरू केले आणि त्याच दिवशी एका संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

खांदा

डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाचा डावा खांदा उतरलेला होता. टाचणीबाईंचा अर्धा विश्वास दारातच उडाला.

पण बाईंनी पेन खाली ठेवलं आणि ऐकलं. गुडघे दुखतात का, ते विचारलं. मग आवाज हळू करून विचारलं, "खालच्या नाजूक जागीही फोड येतात?"

नणंद उठली. "मी बाहेर भिंतीचा रंग बघून येते."

टाचणीबाईंनी मान हलवली. येत होते. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"आणि कुठे काही टोचलं, तर त्या जागी काही होतं?"

तिचा उजवा हात आपोआप डाव्या बाहीवर गेला. "सुया खराब निघाल्यात. बाकी काही नाही."

"बघू."

बाही वर गेली. कापडाचा पोत बघावा तशा बाई त्या हातावर वाकल्या. "सुयांना कशाला दोष देता? मी इथली निर्जंतुक सुई टोचते, तिनेही गाठ येते का पाहू. दोन दिवसांनी या."

वाट

आयुष्यात पहिल्यांदाच ती फोड उठायची वाट बघत होती.

"आला!" नणंद दवाखान्याच्या दारातच ओरडली. "वहिनी, काय सुंदर आलाय!" बाकावरचे सगळे पेशंट वळून बघू लागले.

नाव

बाईंनी नाव सांगितलं: बेशेट. शरीराची राखणदार फौज घरच्यांवरच धावून जाते. तोंड, डोळा, ती नाजूक जागा, हातावरच्या गाठी, सगळं एकाच ठाणातलं कापड.

"मग मनाला लावून घेणं नव्हे?"

"नाही."

"दात?"

"नाही."

"टाचण्या?"

"त्याही नाहीत. तरी तोंडात धरू नका."

"आणि डोळा?"

"वेळेत आलात, वाचेल. आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. औषध मात्र मनाने सोडायचं नाही."

बेशेट. नवा कोट घालून आरशासमोर वळावं तसं तिने ते नाव दोनदा उच्चारून पाहिलं. मग हसली. ओठ चरचरला, तरी हसली.

पक्की शिलाई

सुईवाल्याची माफी मागून झाली. कडक पावाची कड मिरपूड लावून खाऊन झाली, नणंदेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि एका सकाळी दोरा पहिल्याच झटक्यात सुईत गेला. ती सुई तिने दाराबाहेर जाऊन उजेडात सगळ्या गल्लीला दाखवली.

पुढच्या तपासणीला ती नणंदेला घेऊन गेली तेव्हा बाह्या आखूड होत्या आणि मनगटावर टाचण्यांची उशी बांधलेली होती.

"डॉक्टर, उभ्या राहा."

"अहो, तपासायचं तुम्हाला आहे."

"माझं नंतर. हा खांदा पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत सलतोय. तेव्हा डोळाच धड नव्हता म्हणून सोडलं."

बाई मुकाट्याने उभ्या राहिल्या. टाचणीबाईंनी खांद्याची शिवण चिमटीत धरली, उशीतून टाचणी काढली आणि कोट कुणी शिवला त्याच्यावर एक खणखणीत शेरा मारला.

बाईंनी खांदा जरा आक्रसून घेतला.

"हलू नका," नणंद म्हणाली. "आमच्या वहिनी टोचत नाहीत."