पूर्ण फुंका

मित्रांनो, मी एक जुनी फुंकणी आहे. चुलीजवळची नव्हे. बसगाड्यांच्या आगारात चालकांनी कामावर जाण्याआधी जिच्यात फुंकायचं असतं, आणि कुणी दारू प्यायलेला असेल तर जिचा लाल दिवा लागतो, ती. कागदोपत्री माझं नाव लांबलचक आहे, पण सगळे मला फुंकणीच म्हणायचे. पाठीमागे 'सासूबाई' म्हणायचे. पण मी असायचे फाटकावरच्या टेबलावर मधोमध, त्यामुळे पाठीमागचंही सगळं ऐकू यायचं.

मला त्याचा राग नाही. मी आहेच संशयी. ज्या कारखान्यात माझी जुळणी झाली, तिथे माझ्या पोटात एक लहानशी चकती बसवली. तिला दारूचा वास कळतो, दुसरं काही कळत नाही. माझ्यासमोर गुलाब धरा, मला पत्ता लागणार नाही. त्यामुळे कुणीही समोर आलं की माझ्या मनात पहिला विचार येतो, याने घेतली तर नसेल?

मी नवी होते तेव्हा माझं फार कौतुक झालं. आगारप्रमुखांनी स्वतः पहिली फुंकर मारली आणि हिरवा दिवा लागताच आजूबाजूला विजयी नजर टाकली. मग माझा ताबा तपासनीस बाईंकडे गेला. बाई कमालीच्या स्वच्छ. माझ्या तोंडाला लावायच्या नळ्या आगारात नेहमी कमी पडायच्या, म्हणून बाई एकच नळी कापसाच्या बोळ्याने पुन्हापुन्हा पुसायच्या. बोळा कशात भिजवलेला असायचा, ते पुढे कळेल.

रांगेत सगळ्यात पुढे असायचे मास्तर. आगारातले सगळ्यात जुने चालक. अर्ध्या आगाराला त्यांनीच गाडी शिकवलेली, म्हणून मास्तर. ते गालात लवंग धरून यायचे, गाल फुगवायचे आणि माझ्यात एक फुसका वारा सोडायचे. छातीतला श्वास मला त्यांनी कधी दिलाच नाही. मी माझ्या अंगावरच्या पाटीवर अक्षरं उमटवायचे, 'पुन्हा फुंका'. बाई हसून म्हणायच्या, "राहू द्या हो! मास्तरांचं काय बघायचं?" आणि गाडीची किल्ली त्यांच्या हातात द्यायच्या. मित्रांनो, मला तेव्हापासूनच वाटायचं की इथे कुठेतरी पाणी मुरतंय. नुसतं पाणीच मुरत असेल, अशीही माझी खात्री नव्हती.

मास्तरांच्या मागे धाकटी उभी असायची. आगारातली वयाने सगळ्यात लहान चालक, नेमणूक अजून कच्ची. तिला गाडी शिकवायला कुणी तयार नव्हतं तेव्हा मास्तरांनीच शिकवली होती. अवजड गाडी ती एका दमात मागे घ्यायची. काही जण तोंड वाकडं करून म्हणायचे, "कानामागून आली आणि तिखट झाली." तिला मात्र बाई माझ्यात शेवटपर्यंत फुंकायला लावायच्या, आणि वर डोळ्यांत डोळे घालून बघायच्या. मीही बघायचे. संशय घ्यायला मला वयाचं बंधन नाही.

एकदा मास्तरांना सर्दी झाली. नाक पुसत त्यांनी नेहमीसारखा फुसका वारा सोडला आणि ते गेले. बाईंनी सर्दीच्या धास्तीने नळी चांगली दोनदा पुसली आणि ओलीच धाकटीपुढे धरली. तिने फुंकलं आणि माझा दिवा लालभडक झाला.

"मी पीत नाही," धाकटी म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या.

तिची किल्ली काढून घेतली. दुपारी चालकांच्या विश्रांतीच्या खोलीत बैठक भरली आणि पुरावा म्हणून मलाही टेबलावर ठेवलं. आगारप्रमुखांच्या मनात नवा नियम होता. पंचविशीच्या आतल्या चालकांच्या श्वासात दारूचा अंशही चालणार नाही. त्यावरच्यांना कायद्यात बसेल तेवढी चालेल.

मास्तर उठले. "बरोबर आहे. दारू पचवायला वय लागतं. या पोरांच्या ओठांवरचं दूध अजून वाळलेलं नाही."

"मत द्यायला अठरा पुरतात, मग घोट घ्यायला पंचवीस कशाला?" एक वाहक म्हणाला.

"आणि दुकानात वय विचारतं कोण?" गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री हसला. "मिशी बघून बाटली देतात!"

"पण पोटात गेलेली दारू वय विचारते का?" धाकटीने विचारलं. "डोंगरावरच्या वळणावर गाडी घसरली, तर आत बसलेल्यांनी चालकाचं वय विचारायचं का?"

जिचा दिवा लाल लागला, तिचं कोण ऐकणार? आगारप्रमुख म्हणाले, "उद्या सकाळी माझ्यासमोर पुन्हा फुंकायचं. पुन्हा लाल आला तर नोकरी संपली."

मास्तर तिच्याकडे न बघता बाहेर गेले. मी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं आगार फाटकाशी जमलं. मास्तरांनी गाल फुगवले, वारा सोडला, बाईंनी "झालं" म्हटलं. मग कालच्यासारखी नळी दोनदा पुसली आणि ओलीच धाकटीपुढे धरली. धाकटीने हात मागेच ठेवले.

"बाई, आधी तुम्ही फुंका."

"मी? अगं, मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही!"

"म्हणूनच. काल नळी ओठाला गार लागली होती. आणि कडू."

बाईंनी तावातावाने फुंकलं. दिवा लाल!

एवढ्या लोकांत आधी कुणाला हसायचं धाडस होईना. मग मिस्त्री फुटला आणि त्याच्यामागे सगळे. बाईंनी हातातल्या बोळ्याकडे पाहिलं, त्याचा वास घेतला आणि मटकन खुर्चीत बसल्या. बोळा स्पिरिटचा होता. मला विचाराल तर मी खोटं बोलले नव्हते. स्पिरिट म्हणजे दारूचीच सख्खी बहीण, तिचा वास आला तो मी सांगितला. पण तेवढ्यावर चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघाले होते.

आगारप्रमुखांनी कोरडी नळी मागवली. धाकटीने फुंकलं, दिवा हिरवा.

"आता सगळ्यांनी पुन्हा फुंकायचं," ते म्हणाले.

"माझं झालंय," मास्तर म्हणाले. "गाडीला उशीर होतोय."

बाईंच्या ओठांवर 'राहू द्या हो'चं नेहमीचं वाक्य आलं होतं, मला दिसलं. पण आज ते बाहेर पडेना. तेव्हा धाकटी पुढे झाली.

"मास्तर, तुम्हीच शिकवलंत मला. चाकात हवा दिसली तरी हात लावून बघायचं. गाडीवर संशय घे, म्हणजे ती दगा देत नाही, असं म्हणायचात." तिने मला उचलून त्यांच्यापुढे धरलं. "पूर्ण फुंका."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. ते ओरडतील असं मला वाटलं, कारण चांगलं काही घडेल असं मला सहसा वाटत नाही. पण त्यांनी गालातली लवंग काढून खिशात टाकली आणि माझ्यात फुंकलं. गालातला वारा नव्हे, छातीतला श्वास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आकडा चढत गेला, चढत गेला, आणि दिवा लाल झाला. पंचविशीवरच्यांसाठी जी सूट ठेवायची होती, तिच्याही तो कितीतरी पुढे होता.

डोंगरावरची गाडी त्या दिवशी धाकटीने नेली. किल्ली मास्तरांनीच तिच्या हातात दिली. एका वयाला सूट देणारा किंवा दुसऱ्या वयाला फास लावणारा कुठलाच नियम मग झाला नाही. जो गाडी चालवेल त्याच्या श्वासात दारू नको, एवढंच ठरलं. मास्तरांना दुरुस्तीच्या शेडमध्ये पाठवलं. तिथे फुंकायची सक्ती नव्हती. तरी दुसऱ्या सकाळी ते रांगेत शेवटी येऊन उभे राहिले आणि शेवटपर्यंत फुंकलं. दिवा लाल. तिसऱ्या सकाळीही लाल. मास्तर बघायचे, मान खाली घालून शेडकडे जायचे. मी म्हटलं, हे किती दिवस टिकतंय बघू. एका सकाळी दिवा हिरवा लागला. त्यांनी मला हलवून पाहिलं आणि पुन्हा फुंकलं. तेव्हाही हिरवाच. त्या दिवसापुरता मी संशय बाजूला ठेवला.

आता मी कपाटात असते, तुटक्या छत्र्या आणि जुन्या घंट्यांच्या सोबतीला. माझ्या जागी नवी फुंकणी आली आहे, ती फोटोही काढते म्हणे. कालच फाटकावरून आवाज ऐकू आला, "राहू द्या हो, साहेबांचं काय बघायचं?" आणि माझी चकती धडधडायला लागली.

मित्रांनो, मला पुसू नका, पूजू नका. माझी एवढीच विनंती आहे. कुणी वयाने लहान आहे म्हणून त्याच्यावर जास्त संशय घेऊ नका, आणि कुणी मोठा आहे म्हणून त्याला सोडून देऊ नका. जो आपला असेल, ज्याच्यावर जीव असेल, त्याच्यापुढे तर फुंकणी आधी धरा. आणि धरण्याआधी नळी कोरडी आहे ना, तेवढं बघा.