शंभर वर्षं न उघडलेलं पुस्तक

सिनेमातल्या जादूच्या पुस्तकाला शंभर वर्षं कुणी हात लावलेला नव्हता. मग त्यातली लाल फीत सोमवारी सुरुवातीच्या पानांत आणि मंगळवारी मधोमध कशी? तीही एकाच दृश्यात. चेटकिणीने एक पाऊल टाकलं, तेवढ्यात फीत शंभर पानं पुढे!

हे दिसलं ते सेटवरच्या सहायक दिग्दर्शिकेला. दोन शॉटमधला मेळ सांभाळणं हे तिचं काम. कुणाची बाही किती दुमडली, मेणबत्ती किती जळाली, सगळं तिच्या वहीत असे. सेटवर तिला शंकासुर म्हणत. कौतुकाने म्हणतात का, याचीही तिला शंका होती.

दिग्दर्शकाने बजावलंच होतं, "मागच्या सिनेमात राक्षसाला मध्यंतरापर्यंत तीन शिंगं होती, नंतर दोन. आता एक जरी चूक झाली, तर तू घरी."

म्हणजे तिला घरी घालवायला हे कुणीतरी मुद्दाम करत होतं, अशी तिला शंका आली. चेटकीण? तिची नखं चार-चार इंचांची. पान उलटणं सोडाच, तिला चहासुद्धा दुसऱ्याने पाजावा लागे. लेखक? त्याने स्वतःची पटकथाही पुरती वाचलेली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत ती पुठ्ठ्याच्या डोंगरामागे दबा धरून बसली. पाच मिनिटांत सामानवाले काका आले, चष्मा लावला आणि शापित पुस्तक उघडून बसले.

"काका! शाप आहे त्याला!"

"शाप वरच्या कातड्याला गं. आत रहस्यकथा आहे. कोरी पानं कॅमेऱ्यात फार पांढरी दिसत होती, म्हणून घरची जुनी कादंबरी बांधली. वाचायची राहिली होती."

"आणि खुणेला फीत?"

"मग काय पान दुमडू? रीत असते काही!"

तिने काकांना तसंच दिग्दर्शकापुढे उभं केलं. तो विचारात पडला आणि एकदम खुलला. "पुस्तक स्वतःच स्वतःला वाचतंय! जादूच ना ही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिने नाही. "मग शेवटच्या दृश्यात ते वाचून संपलेलं हवं. आणि ते दृश्य आज आहे."

"अगं, फीत नुसती सरकव ना!"

"तिसरं शिंगही असंच 'नुसतं' लावायचं राहिलं होतं. पुन्हा काही राहिलं तर घरी कोण जाणार? मीच ना?"

दिग्दर्शक खुर्चीत बसला. काका वाचू लागले. चाळीस माणसं हाताची घडी घालून बघत राहिली. वीस मिनिटांत काकांनी पुस्तक धाडकन मिटलं. "झालं!"

दीडशे पानं, वीस मिनिटांत? तिने डोळे बारीक केले.

"खून कुणी केला?"

काकांनी दिवेवाल्याकडे पाहिलं. दिवेवाल्याने छताकडे.

"कुणाचा?" काकांनी हळूच विचारलं.

तिने वहीत वेळ टिपली, पुस्तक पुन्हा मधोमध उघडून काकांच्या मांडीवर ठेवलं आणि शेवटच्या दृश्यासाठी शिंगं लावून थांबलेल्या राक्षसाकडे वळली.

"वेळ लागेल. शिंगं काढून बसा. किती आहेत ते मी लिहून ठेवलंय."