हलक्या फुलाची किंमत

मंगळवारी सकाळी सव्वा अकरा वाजता नाहूरच्या नलिनीताईंनी चांदीचं एक फूल परत आणलं आणि जोआनाच्या कामाच्या टेबलावर, माझ्या अगदी शेजारी ठेवलं.

"हे काही अंबाड्यात राहत नाही गं बाई," त्या म्हणाल्या. "साखरपुड्याला निघाले, रिक्षात बसेपर्यंत ह्यानं मान टाकली. जावा विचारतात, नलिनी, तुझं फूल झोपलं का?"

जोआना हसली. पण तिचा श्वास आखूड झाला, आणि ते मला लगेच कळलं. मित्रांनो, मी माणसांना श्वासावरून ओळखते. मी सोनारकामाची जुनी पितळी फुंकणी आहे.

वीतभर लांबीची मी एक नळी. टोकाशी जराशी वाकडी, आणि त्या टोकाला सुईच्या नेढ्याएवढं भोक. कारागीर मला ओठांत धरतो आणि दिव्याच्या ज्योतीवर फुंकतो. ज्योत आडवी होते, निळी आणि टोकदार होते, नेमकी सांध्यावर पडते, आणि चांदी चांदीला धरते. माझ्यापाशी स्वतःचं असं काहीच नाही. आत पोकळी आहे, तिच्यातून दुसऱ्याचा श्वास जातो. तो जात असताना मी अर्धवट जागी आणि अर्धवट झोपेत असते. समोरची ज्योत मला कधी पाण्यासारखी दिसते, कधी वाऱ्यावर झुकलेल्या भातासारखी.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका गाळ्यातला. लेथवर काम करून उरलेला पितळी नळीचा तुकडा कॉस्मसने, म्हणजे जोआनाच्या वडिलांनी, उचलला. नळी वाकवताना चेपू नये म्हणून त्याने माझ्या पोटात वाळू ठासून भरली, मग मला तापवलं आणि हळूहळू वळण दिलं. वाळू काढली तेव्हा पहिल्यांदा माझ्यातून वारा गेला. तो क्षण मला अजून स्वप्नात दिसतो.

कॉस्मसने माझ्याबरोबर उमेदीची सगळी वर्षं काढली. मरोळ गावठाणातल्या लग्नघरांचे दागिने त्याच्या हातचे असत. "कॉस्मसचा सांधा शोधून दाखवा," असं लोक म्हणत, आणि मला वाटे, हे थोडंसं माझ्याबद्दलही आहे. पुढे गॅसची बंदूक आली. एका खटक्यात ज्वाला, फुंकायचे कष्ट नाहीत. मी बिस्किटांच्या डब्यात गेले. वर मोडकी कानशी, खाली गंजलेले खिळे. डब्यात श्वास नसतो. तिथल्या वर्षांबद्दल मला काही सांगता येणार नाही.

मला बाहेर काढलं ते जोआनाने. ती केसाएवढ्या बारीक तारा पिळून, वळवून अंबाड्यात खोवायची फुलं करू लागली होती, आणि गॅसच्या ज्वालेत तिच्या पाकळ्या वितळून त्यांचे मणी होत होते. कॉस्मसने तिला पाण्याचा ग्लास आणि एक स्ट्रॉ दिली.

"फुंक. नाकाने श्वास घे, गालांनी सोड. बुडबुडे तुटले नाही पाहिजेत, बाय."

"पपा, मी चाळीशीला आले. शेजारी बघतील तर हसतील."

"हसू दे. त्यांना येतंय का विचार."

पुढे बुडबुडे तुटेनासे झाले. तिचा श्वास माझ्यातून अखंड जाऊ लागला, आणि फुलं दिवसेंदिवस तलम होत गेली. उजेडात धरली तर टेबलावर त्यांची सावली जाळीसारखी पडे.

इथेच घोळ सुरू झाला. कॉस्मसच्या घरात दागिन्याची किंमत काट्यावर ठरते. जितके ग्रॅम तितकी चांदी, आणि दर ग्रॅममागे ठरलेली घडणावळ. जाडजूड कड्यांना हा हिशेब बरोबर होता. पण जोआनाचा हात जसा सुधारला तसं फूल हलकं झालं, आणि फूल हलकं झालं तशी तिची कमाई उतरली. जास्त श्वास, जास्त दिवस, आणि कमी पैसे. घाटकोपरला श्रुतिकाच्या दुकानात तिची फुलं विकायला असत. शेजारच्या दुकानात साच्यात ओतलेली फुलं आली होती, वजनाला भरीव, तरी भावाला कमी.

म्हणून जोआनाने एक उपाय केला. फुलाच्या पाठीला चांदीचा पत्रा जोडायला सुरुवात केली. वजन वाढलं, वजनाबरोबर घडणावळही वाढली. तो सांधा माझ्याच ज्योतीने जोडला. पत्रा बसला आणि टेबलावरची जाळीची सावली गेली, तिथे नुसता काळा गोल उरला. तेच फूल मंगळवारी परत आलं.

अंधेरीतल्या एका कारखान्याने तेव्हाच जोआनाला पगारी नोकरी देऊ केली होती. साच्यातून निघालेले दागिने घासायचे. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. ती गेली असती तर मी पुन्हा त्या डब्यात गेले असते. ह्याहून मोठी भीती तिच्या श्वासात होती: बुडबुडे पुन्हा तुटू लागतील, ही.

"मला ते आधीचं दे ना," नलिनीताई म्हणाल्या. "माझ्या बहिणीला दिलंस तसं. डोक्यावर आहे हे आठवतसुद्धा नाही."

"देते. हलकं आहे ते, स्वस्तच पडेल तुम्हाला."

"स्वस्त? का गं?" नलिनीताईंनी चष्मा कपाळावर सारला. "माझा शिंपी तलम कापडाला शिलाई जास्त घेतो. म्हणतो, टाका टाका जपून घालावा लागतो. आणि तू नाजूक कामाला कमी घेतेस? कमाल आहे तुझी!"

त्या गेल्यावर जोआना बराच वेळ मला नुसती बोटांत फिरवत बसली. मग तिने काटा उचलून कपाटावर ठेवला.

"काय चाललंय?" कॉस्मस म्हणाला.

"पपा, कारखाना मला दिवसाचा जो पगार देणार आहे, तोच मी मला देणार. एका फुलाला दोन दिवस जातात. त्यात चांदी, दिव्याचं स्पिरिट, बिघडलेल्या पाकळ्या, डबी, श्रुतिकाचा वाटा. आणि वर थोडं, पुढच्या चांदीसाठी."

"गिऱ्हाईक वजन विचारणार."

"मग सांगीन. लपवायचं काय त्यात? पण भाव त्याच्यावर नाही."

कॉस्मस पुटपुटला, "वाट लागणार." पण काटा खाली काढायला तो उठला नाही.

गुरुवारी श्रुतिका आली. तिला एका लग्नासाठी बारा फुलं हवी होती.

"साडेचार हजार? एकाचे?" ती खुर्चीतून उठलीच. "यार, वेडी झालीस का? बाजूवाला दोन हजारात देतोय!"

"त्याच्याकडून घे मग."

"असं काय बोलतेस? मी तुझी मैत्रीण आहे ना?"

"म्हणून तर तुझा वाटा धरून सांगितलाय. ते ओतलेलं असतं, श्रुतिका. त्याच्याशी भावात मी कधीच जिंकणार नाही. आतापर्यंत लढत होते तेच चुकलं."

श्रुतिकाने पत्रा नसलेलं नवं फूल तळहातावर घेतलं आणि हात थोडा वरखाली केला. "काही घेतल्यासारखं वाटतच नाही," ती म्हणाली आणि पुन्हा खुर्चीत बसली. मग म्हणाली, "बारा नाही घेत. एक देऊन ठेव, काचेत लावते. पण मी भाव खाली आणणार नाही आणि तूही घाबरून फोन करायचा नाहीस. झेपेल?"

"बघू," जोआना म्हणाली. माझ्यापर्यंत आलेला तिचा श्वास थरथरत होता, पण तुटला नाही.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. हाताने केलेली वस्तू विकत घ्या किंवा घेऊ नका, ती तुमची खुशी. पण ती हातात घ्याल तेव्हा क्षणभर थांबा. तिच्यात कुणाचातरी श्वास गेलेला असतो, आणि तो कुठल्याच काट्यावर उमटत नाही. करणाऱ्यांनाही सांगते, आपला दिवस आपल्याच हिशेबातून गाळू नका. तो गाळला की आधी माणूस उठून जातो, आणि मागे आमच्यासारख्यांचे डबे भरतात.

आज शनिवार. कारखान्याचा फोन दुपारी येऊन गेला. जोआनाने सोमवारपर्यंत मुदत मागितली, त्यांनी ती दिली. साडेचार वाजता श्रुतिकाचा निरोप आला. एका बाईने काचेतलं फूल काढून मागितलं, भाव ऐकला, आणि फूल घेऊन दाराशी उजेडात जाऊन उभी राहिली. ती अजून तिथेच आहे, एवढंच श्रुतिकाने कळवलं आहे.