विमलकाकूंची भवानी

अंतराचं लग्न झालं ते मार्गशीर्षात, वालाच्या शेंगा नुकत्या भरायला लागल्या तेव्हा. नातीच्या लग्नात आठवडाभर उभं राहून विमलकाकूंचे गुडघे सुजले होते. तरी मांडव उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी उचलली.

"आई, भाजी घरपोच येते हो आता," सून आसावरी म्हणाली. "आणि परवाचा मुळा तसाच पडलाय."

"तिकडे सोनुबाई खोळंबली असेल," म्हणत काकू बाहेर पडल्या. दहिवलीहून पूल ओलांडून कर्जतचा बाजार, रोजचीच वाट.

सोनुबाई खरंच खोळंबायची. विमलकाकूंनी भवानी केल्याशिवाय, म्हणजे दिवसाची पहिली भाजी त्यांनी घेतल्याशिवाय, ती टोपलीवरचं फडकं काढत नसे. दुसरं गिऱ्हाईक आलं तर "थांबा वाईच" म्हणायची. काकूंचा हात लागला की टोपली दुपारच्या आत रिकामी होते, अशी तिची खात्री. काकूंना हे कधी पटलं नव्हतं. पण एका पावसाळ्यात त्या तापाने पडल्या आणि सोनुबाईची कर्टोली पिवळी पडून घरी परत गेली. तेव्हापासून ते गळ्यात पडलं ते पडलंच. आषाढात कर्टोली, श्रावणात पडवळ नि काकड्या, थंडीत वाल, उन्हाळ्यात करवंदं. शिवारात जे निघेल ते काकू घ्यायच्या.

पूर्वी घरात खाणारी तोंडं होती. आता अंतरा सासरी, मुलगा अनुपम दुपारी कंपनीतच जेवायचा आणि काकूंच्या आजारी नवऱ्याला, विष्णुपंतांना, पेजसुद्धा सोसत नव्हती. घेतलेल्या शेंगा काकू वाटेतच कुणाला तरी देऊन टाकायच्या आणि रिकामी पिशवी घडी करून घरी यायच्या.

माघात विष्णुपंत गेले.

तेराव्यानंतर काकू बाजारात गेल्याच नाहीत. कुंकू पुसलेल्या बाईची भवानी कोण घेईल, असं त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना हलकं वाटलं. कितीतरी वर्षांनी त्यांनी सकाळचा चहा बसून, गरम असताना प्यायला. नवरा जाऊन महिना झाला नाही आणि मला हे सुख, म्हणून त्या स्वतःला बोलही लावत. पण चहा गरम होता.

चैत्रात एका सकाळी सोनुबाईच दारात आली. डोक्यावरची टोपली तिने ओट्यावर उतरवली. आत कच्ची करवंदं होती, लोणच्याची.

"काकू, मेल्या का वाचल्या ते बगाया आले," ती म्हणाली. "बाजारात येत नाय ते?"

"कशी येऊ गं? आता माझी भवानी बरी नव्हे."

"का बरं?"

काकूंनी नुसताच कपाळाला हात लावून दाखवला.

सोनुबाई हसली. "माजा नवरा कवा गेला ठाव हाय ना? तुमची अंतरा रांगत होती तवा. मंग तुमी माज्या हातची भाजी घ्यायची सोडली का?"

काकूंनी ते आजवर कधी मनातही आणलं नव्हतं. त्या खांबाला धरून खाली बसल्या.

"दमले गं मी, सोनुबाई."

"आत्ता कसं! मंग तसं सांगा की. बिचाऱ्या म्हाताऱ्याचं नाव कशाला फुडं करता?"

काकूंना रडू येईल असं वाटलं होतं, पण हसूच आलं. आतून आसावरीने डोकावून पाहिलं आणि ती पुन्हा आत गेली.

"मी बी दमलेय," सोनुबाई फडक्याने मान पुसत म्हणाली. "सून म्हनते, बसा घरात. घरात बसून करू काय? भिंती बगू? आसं करा, मंगळवारचं तेवडं या. बाकीच्या दिसांचं माजं मी बगन."

"आणि नाही विकलं गेलं तर?"

"तर लोनचं घालीन. उटा, भवानी करा."

काकूंनी करवंदं घेतली. त्यानंतर त्या मंगळवारी जायच्या, कधी रिक्षाने, कधी पुलावर दोनदा थांबत. आषाढ लागला आणि गुडघ्यांनी पार दगा दिला. काही मंगळवार चुकले.

श्रावण सरत आला तेव्हा एकदाच्या गेल्या. सोनुबाईच्या जागेवर तिची सून अपेक्षा बसली होती. फडकं केव्हाच निघालं होतं आणि अर्धी टोपली खपली होती.

"भवानी झाली?" काकूंनी विचारलं.

"मगाशीच, काकू. एका रिक्षावाल्याची." अपेक्षाने मान खाली घातली. "तुमाला निरोप द्यायचा राहिला. धावपळ झाली फार."

काकूंनी पडवळ घेतलं. ते घरी न्यावं की वाटेत कुणाला द्यावं हे त्यांना ठरवता येईना.

सोनुबाई नागपंचमीच्या दिवशी दुपारी, आपल्या घरी, वारली होती.